बेकार माणसाचा आवाज

कागदोपत्री पिराजी पोवार हा मंगळवार पेठेतला अतिशय गरीब, निरुपद्रवी आणि पूर्ण बेकार माणूस होता. तसं त्यानं कोर्टात शपथेवर लिहून दिलं होतं. 'मला उत्पन्नाचे कोणतेही साधन नाही. वयोवृद्ध आईच्या आधाराने मी कसेबसे दिवस काढतो.' यातली वयोवृद्ध आई, म्हणजे बनाबाई, रोज सकाळी रंकाळ्याला फेरी मारून येऊन तीन भाकरी खात असे. आणि पिराजी कसेबसे दिवस काढत होता हेही खरंच, कारण जत्रांचा हंगाम लागला की त्याला एक दिवस मोकळा मिळत नसे.

पिराजी कुस्तीच्या मैदानात निवेदक होता. आमच्या मुलखात पैलवान थोडा हलका असला तरी लोक चालवून घेतात, निवेदक हलका चालत नाही. आखाड्यात दोन पैलवान नुसती मनगटं धरून पाच मिनिटं उभे राहिले, तरी शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याच्या अंगावर काटा आला पाहिजे, हे काम निवेदकाचं. पिराजी ते बसल्या बसल्या करायचा. त्याचा आवाज भोंग्यातून निघाला की शेजारच्या गावातली गुरं माना वर करून बघायची. थोडक्यात, अख्ख्या जिल्ह्यात ज्याचा आवाज ओळखत नाही असा माणूस सापडणं कठीण, अशा गृहस्थानं लपून राहायचा धंदा म्हणून माईक धरला होता. शहाणपण म्हणतात ते हेच.

पूर्वी तो शिरोलीकडच्या एका फौंड्रीत सुपरवायझर होता. महिन्याचा बांधलेला पगार, अंगावर निळा शर्ट. बायको अनुजा राजारामपुरीत दातांच्या दवाखान्यात कामाला. मुलगी श्रुती. सगळं व्यवस्थित होतं, फक्त पिराजीचं तोंड बंद होत नव्हतं. माईक तेव्हा हौसेपुरता होता, पण सवय घरात शिरली होती. सासरे एकदा जेवायला आले, तर हा ताटावर बसून सुरू झाला, "आणि आता पावण्यांनी तांबड्या रश्श्याला हात घातलाय! सावध पवित्रा! ठसका लागतोय का? लागला! लागला ठसका!" सासऱ्यांना खरंच लागला. अनुजाला आधी याचं हसू यायचं, मग हसू यायचं बंद झालं. बारा वर्षांत आपलं एक वाक्य या माणसानं शेवटपर्यंत ऐकून घेतलेलं नाही, हे तिच्या ध्यानात आलं. तसं तिनं त्याला सांगायचा प्रयत्न केला, तर ते वाक्यही त्यानं मध्येच तोडलं. ती मुलीला घेऊन कसबा बावड्याला माहेरी गेली ती गेलीच.

कोर्टानं श्रुतीसाठी दरमहा पोटगी ठरवून दिली आणि दर शनिवारी कोर्टातल्या मुलांच्या खोलीत बापलेकीची भेट. पहिले काही महिने पिराजीनं पैसे भरले, शनिवारही पाळले. मग डोक्यात किडा वळवळला. पोरगी तिच्याजवळ आणि पैसे माझे, हा कुठला न्याय? दोन-तीन महिने त्यानं रुसून पैसे भरलेच नाहीत. तेव्हा कोर्टाचं पत्र थेट फौंड्रीत आलं, याच्या पगारातून परस्पर कापून पाठवा म्हणून. ते पत्र फौंड्रीतल्या कारकुनानं असं मोकळ्या गळ्यानं वाचलं, की साचे भरणारी माणसंही हात थांबवून ऐकायला लागली. कालपर्यंत ज्यांना हा 'हात चालवा' म्हणून दटावत होता, ते आज याला बघून 'पोटगी, पोटगी' म्हणत पोटावर हात फिरवायला लागले. पिराजीचा अपमान झाला. पैसे गेल्याचं दुःख नव्हतं हो त्याला एवढं, अब्रू गेल्याचं होतं.

तो तडक विश्वजितकडे गेला. विश्वजितचं मिरजकर तिकटीकडे बॅटऱ्यांचं दुकान. त्यानं कायद्याची दोन वर्षं केली होती. तिसरं काही जमलं नाही, पण पेठेत 'वकील' हे नाव पडायला दोन पुरतात.

"पगारातनं कापत्यात, म्हंजे पगार हाय म्हणून कापत्यात," विश्वजित म्हणाला. "पगारच न्हाय ठिवला तर काय कापतील? तुझं केस?"

"आयला, बरोबर हाय की!"

"सोड नोकरी. माईकचं काम रोखीचं, त्याला कागूद न्हाय. कोर्ट बसतंय मग हात चोळत."

उघड्याशेजारी नागडं गेलं आणि रात्रभर हिवानं मेलं, अशी म्हण आहे. इथं दोघांनी एकमेकांना टाळीही दिली. दुसऱ्या दिवशी पिराजीनं फौंड्रीला रामराम ठोकला.

कोर्ट काही हात चोळत बसलं नाही. वॉरंट निघालं. आता वॉरंट निघालेला माणूस शनिवारी आपल्या पायांनी कोर्टात कसा जाणार? पिराजीचे शनिवार बंद पडले. पैसे चुकवायला गेला आणि पोरगी चुकली. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं त्याचं झालं. बावड्याच्या दिशेला तोंड करून तो चूळसुद्धा भरत नसे. एक जत्रेचा हंगाम गेला, दुसरा आला, श्रुती पाचवीतून सहावीत गेली, आणि तिला आता वेण्या येतात की केस कापलेत, हेसुद्धा बापाला ठाऊक नव्हतं. मैदानात एखाद्या पैलवानाची मुलगी खांद्यावर बसलेली दिसली, की पिराजी क्षणभर गप्प होई. लोकांना वाटायचं, माईक गेला.

बाकी लपण्याचं काम त्यानं मन लावून केलं. दाराची कडी वाजली की 'घरात न्हाय' म्हणायचं, हे आईला पढवून ठेवलं होतं. अडचण एकच होती, बक्षिसांची. आपल्याकडं मैदानात बक्षीस खिशात कोंबत नाहीत. देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव आणि रक्कम, तिन्ही माईकवर पुकारावी लागतात. न पुकारता दिलेलं बक्षीस हा देणाऱ्याचा अपमान. पिराजीनं सुरवातीला लोकांना गुपचूप द्या म्हणून विनवलं, तर एक सरपंच भडकला, "गुपचूप द्यायला ही लाच हाय व्हय?" म्हणजे आपल्या बेकारीचे पुरावे आपल्याच तोंडानं, भोंगा लावून, गावोगाव सांगत फिरायचं! यावर पिराजीनं युक्ती काढली. तो पुकारायचा, "श्रीयुत अमुकतमुक यांच्याकडून, निवेदकांच्या मातोश्री बनाबाई यांना, रोख बक्षीस!" लोकांना वाटलं, काय मातृभक्त माणूस आहे. डोळे पुसायचे काही जण.

पण ही मैदानं हल्ली मोबाईलवर थेट दिसतात. बनाबाई पहिल्या रांगेत बसल्यासारखी घरात बघत बसायची. सोमवारी सकाळी तिचा हात पुढं यायचा.

"माझं बक्षीस टाक."

"आई, ते नुसतं नावापुरतं हाय गं."

"माझं नाव पुकारलंस न्हवं? पाच हजार मान्सं साक्षीला हाईत. टाक."

आणि ती ते कनवटीला लावायची. बेकार मुलगा आईच्या आधारानं जगतो, हे शपथपत्रातलं वाक्य हळूहळू अक्षरशः खरं व्हायला लागलं होतं.

अशात पन्हाळ्याच्या अंगाच्या एका गावची जत्रा आली. मैदान तोबा गर्दीचं. शेवटची मोठी कुस्ती लागली, लाल लांगेचा कोल्हापूरचा पैलवान आणि निळ्या लांगेचा सोलापूरचा. पिराजी रंगात आला होता. एवढ्यात त्याला स्टेजच्या पायऱ्यांशी खाकी टोपी दिसली. एक हवालदार हातात कागद घेऊन जत्रा कमिटीच्या बाबासोंना काही विचारत होता. बाबासो म्हणजे पिळदार मिशांचे, गावातल्या तीन पिढ्या कुस्तीच्या. भोंग्याच्या आवाजातही त्यांचं बोलणं पिराजीला ऐकू आलं.

"पिराजी पोवार त्यो ह्योच काय?" हवालदारानं विचारलं.

"पावणं, आदी बूड टेका. निकाली कुस्ती लागलीया. आता मधनं कुनाला उठवायचं न्हाय."

"आवो, वॉरंट हाय."

"असूंदे की. वॉरंट कुठं पळून जातंय? कुस्ती बगा आदी."

हवालदारही शेवटी इथलाच. लहानपणी लाल मातीत चार वर्षं घातलेला. निकाली कुस्ती अर्ध्यात सोडून कोण काम करतो? तो बसला, कागद मांडीखाली ठेवला आणि चणे मागवले.

कुस्ती संपली की आपण संपलो. म्हणजे ही कुस्ती संपता कामा नये! त्यानं आवाज चढवला. एरवी तो डावाचं कौतुक करायचा, आज त्यानं बचावाचं कौतुक मांडलं. "वा रं पठ्ठ्या! घाई न्हाय! घाई केली की गाडी उलटती! सबुरीनं!" दोन्ही पैलवान वैतागले. ऊन कलायला लागलं, पैलवानांच्या छात्या भात्यासारख्या हलायला लागल्या, तेव्हा पंचांनी एकमेकांकडे बघितलं आणि कुस्ती बरोबरीत सोडवायला पुढं झाले.

"थांबा पंच!" पिराजी ओरडला. "बरोबरी बगायला आलीत काय ही मान्सं? निकाल पायजे का न्हाय, लोकांनी सांगा!"

"निकाली! निकाली!" मैदान गरजलं. हवालदारही ओरडला. चण्याचा कागद हवेत उडाला.

लाल लांगेच्या पैलवानानं स्टेजकडं असं बघितलं, की मागल्या जन्मीचं वैर आठवावं. त्याच्या लक्षात आलं, की हा माणूस आपल्याला उद्या सकाळपर्यंत सोडत नाही. सुटायचं असेल तर सोलापूरकराला पाडणं भाग आहे. त्यानं राहिलेला जीव एकवटला आणि डाव टाकला. सोलापूरकर पाठीवर. आणि त्याच क्षणाला हवालदार कागद झटकत उभा राहिला.

पिराजीचा एक डोळा आखाड्यात, एक हवालदाराकडे. तोंडातून निघालं, "घिस्सा! घिस्सा डावावर चितपट!" लोक आखाड्यात घुसले, पैलवानाला खांद्यावर घेतलं, गुलालाचा ढग उठला. त्या ढगात पिराजी दिसेनासा झाला. जोंधळ्याच्या रानातून पळताना त्याची एक चप्पल गेली.

पण घरी वयोवृद्ध आधार होता ना. सकाळी हवालदारानं कडी वाजवली तशी बनाबाई बाहेर आली.

"पिराजी पोवार हाईत काय घरात?"

"हाय की. च्या पितोय. तुमी बी घ्या घोटभर, मग न्या."

"आई!" आतून किंकाळी आली.

"काय आई? नातीचं तोंड बगून वरीस झालं मला. तू तुरुंगात गेलास तर निदान बसून विचार तरी करशील."

कोर्टात पिराजीनं ठरवलं होतं, कमी बोलायचं आणि शुद्ध बोलायचं. वकील त्याचा कुणी नव्हता, विश्वजितनं ऐन वेळी बॅटऱ्यांचा ट्रक आलाय म्हणून कळवलं. समोर अनुजा, शेजारी तिच्या वकीलबाई. मागच्या बाकावर बनाबाई. श्रुतीला सुट्टी होती आणि घरी कुणी नव्हतं, म्हणून अनुजानं तिला सोबत आणून दाराबाहेरच्या बाकावर बसवलं होतं. हे पिराजीला माहीत नव्हतं.

वकीलबाईंनी मैदानाचं चित्रीकरण लावलं. कॅमेरा सगळा वेळ पैलवानांवर. निवेदक कुठंच दिसत नव्हता, नुसता आवाज घुमत होता.

न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "हा आवाज तुमचा का?"

"नाही मॅडम," पिराजी म्हणाला. "हा आवाज माझा नाही." हे त्यानं हळू म्हणायचं ठरवलं होतं. पण हळू आवाज त्याला देवानं दिलेलाच नव्हता. टायपिस्ट दचकली, बाहेरचा शिपाई आत डोकावला.

"यात बनाबाई म्हणून कुणाला बक्षिसं दिली जातायत. या कोण?"

"असतील कुणाच्यातरी मातोश्री."

"कुनाच्यातरी?" मागून बनाबाई कडाडली. "नऊ म्हैनं कुनी वाह्यलं तुला? भोंग्यानं?" शिपायानं तिला खाली बसवलं.

आता पुरावा म्हणावा तर नुसता आवाज, आणि आवाजाला चेहरा नाही. वकीलबाई पुढचा मुद्दा शोधत होत्या, तोवर अनुजा उभी राहिली आणि बोलू का म्हणाली. न्यायाधीशबाईंनी मान हलवली.

"मॅडम, मला वाटतं हे खरं बोलतायत."

वकीलबाईंनी डोक्याला हात लावला. पिराजीनं चमकून बघितलं.

"यांच्यात शंभर दोष आहेत," अनुजा शांतपणे म्हणाली, "पण कुस्तीतलं यांना कळतं. बारा वर्षं मला जेवताना डाव शिकवलेत. हा जो कुणी आहे, तो शेवटी घिस्सा म्हणतोय. तो घिस्सा नव्हताच, पोकळ घिस्सा होता, डावच वेगळा. मैदानातली पोरंसुद्धा हसली असतील. कुणीतरी नवशिका दिसतोय."

पिराजीचे कान लाल झाले. त्यानं ओठ दाबून धरले. सुटका दोन पावलांवर होती, नुसतं गप्प बसायचं होतं. गप्प बसणं हा एवढा एकच डाव त्याला कधी कुणी शिकवला नव्हता.

"आणि आवाजही जरा चिरकाच आहे," अनुजा म्हणाली.

"चिरका?" पिराजी उसळला. "कोन चिरका? कोन नवशिका? आगं, म्होरं हवालदार वॉरंट घिऊन हुबा ऱ्हायल्याला, त्यात पोकळ का भरीव कुनाला सुचतंय? तू हुबी ऱ्हा की एकदा माईकवर, मग बगू!"

अनुजा खाली बसली. कुठलाही पैलवान एवढ्या स्वच्छपणे पाठीवर आलेला आजवर कुणी पाहिला नसेल.

टायपिस्टनं हळूच विचारलं, "मॅडम, हे पण घ्यायचं?"

"शब्द अन् शब्द," न्यायाधीशबाई म्हणाल्या, आणि फाईल तोंडासमोर धरून बराच वेळ काहीतरी वाचत राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते, असं शिपाई नंतर सांगत होता.

मग फाईल खाली आली आणि त्या काही हसत नव्हत्या. ज्याचे हातपाय धड आहेत आणि आवाज एवढा धड आहे, त्याला हे कोर्ट बेकार मानत नाही. चालती नोकरी मुद्दाम सोडली, याचा भुर्दंड मुलीनं का भरावा? थकलेल्यातला काही भाग आत्ता, बाकी हप्त्यानं, नाहीतर महिनाभर आत. शनिवारच्या भेटी येत्याच शनिवारपासून सुरू. आत्ता भरायला पिराजीच्या खिशात बसभाडं होतं. तेव्हा बनाबाई उठली, कनवटीची पुरचुंडी सोडली आणि टेबलावर ठेवली.

"ही घ्या. कुनाच्यातरी मातोश्रीची बक्षिसं."

शनिवारी पिराजी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून गेला. सोबत राजारामपुरीतून घेतलेला मोठा केक, रंगपेटी, आणि डोक्यात रात्रभर जुळवलेले विनोद. मुलांच्या खोलीत भिंतीवर हत्ती-घोडे रंगवले होते. श्रुती कोपऱ्यातल्या छोट्या खुर्चीवर बसली होती. वेण्या नव्हत्या, केस मानेपर्यंत कापले होते. उंची वाढली होती. आता रडू येणार असं वाटताच पिराजीनं नेहमीचा इलाज केला. तो बोलायला लागला.

"आणि आखाड्यात उतरत्यात कुमारी श्रुती पोवार! वजनी गट फुलासारखा! म्होरं केकचा तगडा पैलवान! बगूया कोन कुनाला..."

श्रुतीनं केककडे बघितलं नाही. शेजारी दुसरी एक लहान मुलगी होती, ती मात्र खदखदून हसली. पिराजीनं आणखी दोन विनोद टाकले, तेही वाया गेले. मग त्याचं बोलणं पहिल्यांदाच आपोआप संपलं.

"झालं तुमचं?" श्रुतीनं विचारलं. अगदी तिच्या आईसारखं.

"झालं."

"पप्पा, तुम्ही यायचं बंद केल्यावर मी मोबाईलवर तुमची मैदानं लावायचे. आईनं सांगितलं होतं, कुठल्या गावची ते. झोपताना कानाला लावायचे. डाव मला काही कळत नाहीत. नुसतं ऐकायचे."

"व्हय?" पिराजीला एकदम बरं वाटलं.

"मग परवा मी बाहेर बाकावर होते. तुम्ही म्हणालात, हा आवाज माझा नाही. मग मी एवढे दिवस कुणाचा आवाज ऐकत होते?"

पाच हजार माणसांना श्वास रोखायला लावणारा गडी, पण सहावीतल्या मुलीपुढं त्याच्या तोंडातून शब्द फुटेना. त्याला खूप रडू आलं आणि तो रडला, शर्टच्या बाहीनं डोळे पुसत, त्या छोट्या खुर्चीत गुडघे हनुवटीला लावून. श्रुतीनं त्याला रडू दिलं. मग ती स्वतःच सांगायला लागली. शाळेचं, मैत्रिणीशी झालेल्या भांडणाचं, आईच्या दवाखान्यातल्या एका काकांना दात काढताना चक्कर आली त्याचं. पिराजी ऐकत होता. मध्ये एकदाही बोलला नाही. वेळ संपल्याचं सांगायला कोर्टातल्या बाई आल्या, तेव्हा तिचं वाक्य अर्धं राहिलं होतं, आणि त्याला ते पुढच्या शनिवारपर्यंत कळणार नव्हतं याचं फार वाईट वाटलं.

सोमवारी तो शिरोलीला गेला. फौंड्रीत आता थोरल्या मालकांच्या जागी त्यांचा मुलगा राजवर्धन बसत होता. त्यानं पिराजीला बघून टाळीच दिली.

"या या निवेदक! तुमचं कोर्टातलं फेमस झालंय. सगळी शिफ्ट हसतीय."

"हसूंदेत. साहेब, काम पायजे. सुपरवायझरची जागा गेली असंल, मला म्हायतीय. साच्यावर घाला."

राजवर्धन खुर्ची पुढं ओढून हळू आवाजात म्हणाला, "घालतो की. पण शहाणपणाचं सांगू काय? कागदावर नको. रोजंदारीनं रोखीत घ्या. तुमची कापाकापी वाचती, माझी फंडाची कटकट वाचती. कोर्टाला कळणार पण नाही."

वर्षापूर्वी हे ऐकून पिराजी त्याच्या पाया पडला असता. आत्ता तो टोपी काढून हातात धरून उभा राहिला.

"न्हाय साहेब. कागदावर घ्या."

"अहो, कापतील."

"कापूंदेत. पयल्यांदा तेच कापा, मग ऱ्हाईल ते मला द्या."

"कोर्टाचं पत्र आलंय का तसं?"

"पत्र न्हाय आलं. मीच आलोय की."

राजवर्धननं त्याच्याकडं वेड्याकडं बघावं तसं बघितलं, खांदे उडवले आणि आतल्या कारकुनाकडं बोट केलं. कारकून नवा होता, पिराजीला ओळखत नव्हता. भट्टी चालू होती, साचे आपटत होते, काही ऐकू येत नव्हतं. त्यानं रजिस्टर उघडलं आणि खाली मान घालून विचारलं, "नाव?"

"पिराजी दत्तू पोवार!"

साचे आपटायचे थांबले. भट्टीजवळची माणसं वळून बघायला लागली. पार गेटवरचा वॉचमनही खोलीतून बाहेर आला.

"सावकाश की हो," कारकून कान चोळत म्हणाला. "समोर तर बसलोय."

"समोर हाईसा, पर लिवा नीट," पिराजी म्हणाला. "आवाज माझाच हाय."